प्रभूचं येणं जवळ आहे, मग लिंबोणीची बाग लावावी का?

श्रीगोंद्याची सून

जय ख्रिस्त. प्रश्न वरवर शेतीचा आहे, पण आमच्या घरात तो विश्वासाचा होऊन बसलाय, म्हणून इथे विचारते.

श्रीगोंदा तालुक्यात आमचं एकत्र कुटुंब आहे. सासूबाई, मोठे भाऊजी, त्यांचा मुलगा, आम्ही दोघं आणि आमची लेकरं. जमीन तीन एकर, दोघा भावांत अजून वाटणी नाही. उसाला पाणी पुरेना, म्हणून ऊस मोडून एक एकरात लिंबोणी लावायची असं घरात ठरलं होतं. साई सरबतीची रोपं राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आणायची, ठिबकचं कोटेशनसुद्धा आलंय. आता भाऊजी म्हणतात, नको. "लिंबोणी धरायला चार वर्षं जातात. चार वर्षं हे जग राहणार आहे का?"

भाऊजी पूर्वी असे नव्हते. पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत होते. हार्वेस्ट फेस्टिव्हलला आमच्या उसाची मोळी स्वतः खांद्यावरून चर्चमध्ये न्यायचे. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, मोठ्या जाऊबाई गेल्या. शेवटची भेट नाही, दफनाला घरची चारच माणसं. त्यानंतर ते रात्ररात्र मोबाईलवर शेवटच्या काळाची प्रवचनं ऐकायला लागले. कुठे युद्ध पेटलं, कुठे भूकंप झाला, की वहीत लिहून ठेवतात आणि खाली वचन लिहितात. मंडळी झोपलेली आहे म्हणून रविवारी उपासनेलाही येत नाहीत. लांबच्या गावात एका प्रचारकाच्या सभा होतात तिथे जातात. तिथे सांगितलं म्हणे, प्रभू दाराशी आहे, विश्वासणाऱ्याने जमीनजुमल्यात पाय अडकवू नये. आता त्यांना आपला हिस्सा विकून पैसा तिथल्या सेवेला द्यायचाय. पुतण्या बारावी झालाय, त्याला कृषी पदविका करायचीय. त्याचीही फी भरायला तयार नाहीत.

मला त्यांना खोटं पाडायचं नाही. प्रभू येणार हे मीही मानते. तो जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला येणार हे दर रविवारी उभं राहून म्हणते, ते काय नुसतं तोंडाने? म्हणूनच त्यांच्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नाही. घरातले बाकीचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय, लक्ष देऊ नको. मला ते पटत नाही.

खरोखर वाट पाहणारा माणूस कसा जगतो? बाग लावणं हा अविश्वास आहे का? वचनातून सांगा, अनुभवातूनही सांगा. आमच्या माणसाला कमी लेखून मात्र कोणी लिहू नका.

निवृत्त मास्तर, नगर

ताई, जय ख्रिस्त. मी शाळेत शिकवत होतो आणि बरीच वर्षं आमच्या मंडळीत प्रौढांचा शास्त्राचा वर्ग घेतो. लांबलचक लिहिणार आहे, सावकाश वाचा.

आधी भाऊजींबद्दल. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाची ओळ मे २०२१ ची वाटली. जग संपावं अशी त्यांची इच्छा आहे असं मला वाटत नाही. जाऊबाई पुन्हा भेटाव्यात एवढंच त्यांना हवंय, आणि ते केव्हा घडेल याचा हिशोब ते वहीत करताहेत. हे दुःख मंडळीला नवं नाही. प्रेषित पौल थेस्सलनीका नगरात थोडाच काळ राहिला, नवी मंडळी मागे ठेवून त्याला निघावं लागलं. मागे त्यांच्यातली काही माणसं वारली. राहिलेल्यांना घोर लागला, की प्रभू येईल तेव्हा आमची गेलेली माणसं मुकणार की काय? थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय त्यांच्यासाठी आहे. ख्रिस्तात मेलेले आधी उठतील, मग आपण त्यांच्याबरोबर, आणि सदासर्वकाळ प्रभूजवळ. तो भाग तेराव्या ओवीपासून सुरू होतो. भाऊजींबरोबर बसून तो वाचा. वाद घालायला नको, जाऊबाईंची आठवण म्हणून वाचा.

आता त्याच अध्यायातल्या अकराव्या ओवीकडे या. शांतपणे राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा. पुनरुत्थानाचं एवढं मोठं वचन सांगायच्या आधी पौल हातांच्या कामाबद्दल बोलतो. एकाच माणसाने, एकाच मंडळीला, एकाच पत्रात हे लिहिलंय. यातलं एक घेऊन दुसरं सोडायची मुभा मला तरी कुठे दिसत नाही. तरी काहींनी सोडलंच. दुसऱ्या पत्राच्या वेळेपर्यंत प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय अशी आवई उठली होती, आणि काही जण कामधंदा टाकून घरोघर फिरत होते. पौलाने त्यांना फार कडक शब्दांत सुनावलंय.

जमिनीबद्दल यिर्मया संदेष्ट्याचा ३२ वा अध्याय वाचा. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा दिलाय. नगर पडणार हे यिर्मया स्वतःच सांगत आलाय, त्यापायी तो पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे. तिथे त्याचा चुलतभाऊ येऊन म्हणतो, अनाथोथातलं माझं शेत विकत घे. शत्रूच्या टाचेखालचं शेत! आणि देव सांगतो, घे. यिर्मया सतरा शेकेल रुपं तोलून देतो, खरेदीखत करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, एक प्रत मोहोरबंद आणि एक उघडी, दोन्ही मातीच्या मडक्यात ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. आपल्याकडे सातबाऱ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतात, त्यामुळे हा अध्याय आपल्याला जास्त कळायला हवा. नाश होणार हे यिर्मयाला भाऊजींपेक्षा पक्कं ठाऊक होतं. तरी त्याने शेत घेतलं, कारण या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील हा देवाचा शब्दही त्याला तेवढाच पक्का होता.

तारखांविषयी थोडक्यात. अमेरिकेत विल्यम मिलर या प्रचारकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला होता. काहींनी उभी पिकं शेतातच सोडली. अगदी अलीकडे हॅरोल्ड कॅम्पिंग या रेडिओ प्रचारकाने २१ मे २०११ सांगितली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, साठवलेला पैसा जाहिरातींत घातला. ती माणसं लबाड नव्हती, बरीचशी भोळी आणि भक्तिमान होती, म्हणून मला त्यांचं जास्त वाईट वाटतं. तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, हे प्रभूने स्वतः सांगितलंय. पुत्राने जे आपल्याकडे ठेवलं नाही ते वहीत कसं सापडेल?

पैशाबद्दल मात्र एक स्पष्ट विचारा. जग चार वर्षांत संपणार असेल, तर त्या सेवेला जमिनीचा पैसा कशासाठी लागतो? हे भाऊजींना विचारू नका, त्यांना लागेल. तुमच्या मिस्टरांनी त्या प्रचारकालाच नम्रपणे, चार माणसांदेखत विचारावं.

केडगावची बहीण

प्रभूची स्तुती असो. मास्तरांचं वचनाला धरून आहे, पण मला दुसऱ्या बाजूनेही थोडं बोलायचंय. आमची मंडळी पेन्टेकॉस्टल आहे, प्रभूच्या येण्यावर आमच्याकडे दर आठवड्याला प्रार्थना होते. ताई, तुमच्या भाऊजींचं एक म्हणणं खरं आहे. आपण झोपतो. घर, प्लॉट, लग्नं, मुलांचं पॅकेज यांत आपण इतके गुंततो की प्रभू उद्या आला तर "एवढं आटपू दे" असं म्हणू. त्यांची तळमळ विझवू नका. ती घरात राहू द्या, त्यांच्यामुळे तुम्हीही जाग्या राहाल.

पण तळमळ असलेलं माणूस काय करतं ते आमच्या गावात डोळ्यांसमोर आहे. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाला अमेरिकेतून मदत होती, ती दहा वर्षांपुरती. पुढची सोय म्हणून त्यांनी इथे केडगावला रेल्वेजवळ शंभरेक एकर माळरान घेतलं आणि फळझाडं लावली. विहिरी खणल्या. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी, बेवारस मुलींना घेऊन आल्या, सुमारे ३०० जणी. पुण्यात प्लेगची साथ, तिथे ठेवायची सोय नाही. कुठे आणलं त्यांना? याच शेतावर. बागेसाठी घेतलेल्या जमिनीवर मुक्ती सदन उभं राहिलं. जमीन नसती तर त्या पोरींना घेऊन त्या कुठे गेल्या असत्या?

याच आवारात १९०५ मध्ये मोठं संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती झाली. मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करत होत्या, देशोदेशीची माणसं ते पाहायला येत होती. त्याच मुली विणकाम करत होत्या, तेल गाळत होत्या, छापखान्यात खिळे जुळवत होत्या. रमाबाईंनी मूळ भाषा शिकून अख्खं पवित्र शास्त्र सोप्या मराठीत आणलं, आणि ५ एप्रिल १९२२ ला प्रभूकडे गेल्या तेव्हा ते काम पुरं होत आलेलं होतं. प्रार्थना करणारी एक बाई आणि विहीर खणणारी दुसरी, असं तिथे नव्हतं.

भाऊजींना एकदा इकडे घेऊन या. माझ्या घरी जेवा, मग मुक्तीत जाऊ. त्यांना हवं तेवढा वेळ तिथल्या चर्चमध्ये बसू द्या.

वसईचा वाडीवाला

मी कॅथलिक आहे, आमच्याकडे पद्धत थोडी वेगळी. नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळ. पाळण्यातल्या येशूची तयारी सगळ्यांना दिसते, पण त्या काळातले सुरुवातीचे शास्त्रपाठ पाहा, ते प्रभूच्या दुसऱ्या येण्याबद्दल असतात. म्हणजे वाट पाहणं हे आमच्या वर्षाच्या सुरुवातीलाच आहे, दरवर्षी नव्याने शिकायचं.

आमची पानवेलीची, केळीची वाडी. आजूबाजूला टॉवर झाले, टँकर लागले, विहिरींचं पाणी खाली गेलं. तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. एक धर्मगुरू झाडं आणि पाणी वाचवायला रस्त्यावर उतरला म्हणून तेव्हा काहींनी नाकं मुरडली होती. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. ज्याचं राज्य यायचंय त्याचीच ही जमीन. ती उजाड करून त्याच्या हातात द्यायची का?

पुतण्याच्या फीचं लांबवू नका. प्रवेशाच्या तारखा कोणासाठी थांबत नाहीत. गरज पडली तर पॅरिशमध्ये, मंडळीत शब्द टाका.

कर्जतकर लिंबोणीवाली

ताई, मी शेजारच्याच तालुक्यातली, आमची लिंबोणी जुनी आहे. मास्तरांसारखं मला लिहिता येत नाही, पण याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय मला पाठ आहे. सातव्या ओवीत शेतकरी आहे. प्रभूच्या येण्यापर्यंत धीर धरा, शेतकरी कसा पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत भूमीच्या पिकाची वाट पाहतो. लोक हे वचन आवडीने म्हणतात. मी म्हणते, तो शेतकरी पावसाची वाट पाहतोय म्हणजे त्याने पेरलेलं आहे. न पेरता आभाळाकडे बघणाऱ्याला कोणी शेतकरी म्हणत नाही.

आणि त्याच अध्यायात, तीनच ओव्या आधी, चौथी ओवी आहे. तुमची शेतं कापणाऱ्या मजुरांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडतेय, आणि ते ओरडणं सेनाधीश प्रभूच्या कानी गेलंय. ही ओवी आपल्याकडे प्रवचनात फारशी येत नाही, कारण समोरच्या बाकांवर शेतमालक बसलेले असतात. मला विचाराल तर वाट पाहणाऱ्या माणसाची खरी परीक्षा इथे आहे. खुरपणीच्या बायांचा हिशोब आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी पूर्ण होतो का? लिंबं तोडायला आलेल्या बाईला बाप्याइतकं मिळतं का? काट्यांनी हात फाटतात तिचे. उसाच्या टोळीतली पोरं कोपीत राहतात, त्यांच्या शाळेचं कोणी विचारतं का? ज्या राज्याची वाट पाहतो त्यात मजुरी बुडणार नाही, हे आपल्याला माहीत आहे ना, मग आपल्या बांधावर आजच बुडू नये. प्रभू आला तर मी कुठल्या सभेत होते हे तो विचारेल असं मला वाटत नाही. भुकेल्याला खायला दिलंस का, हे विचारेल, मत्तयच्या पंचविसाव्यात तसंच आहे.

आता बागेचं. खड्डे उन्हाळ्यात घ्या, तापू द्या. अंतर सहा बाय सहा मीटर. रोपं पाऊस लागल्यावर लावा. पहिली दोन-तीन वर्षं मधल्या पट्ट्यात मूग, हरभरा, कांदा घ्या, म्हणजे चार वर्षं हात रिकामे राहत नाहीत. रोपांवर खैऱ्या रोगाचे ठिपके आहेत का ते घेतानाच बघा. बुंध्याशी पाणी साचू देऊ नका, डिंक्या लागतो, बुंध्यातून डिंक गळतो. पुढे हस्त बहार, म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीचा फुलोरा, धरायला जमला तर उन्हाळ्यात भाव मिळतो, पण पाणी तोडून ताण देणं शिकावं लागतं, तेव्हा विचारा.

आणि वाटणी झालेली नसताना घाईघाईत कोणी कुठल्या कागदावर सही करू नका. आधी वकिलाला दाखवा.

श्रीगोंद्याची सून

सगळ्यांचे खूप आभार. काल संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर मी तुमची उत्तरं मोठ्याने वाचून दाखवली. भाऊजी बाहेर ओट्यावर होते, पण ऐकत होते. थेस्सलनीकाकरांचं आलं तेव्हा आत आले. यिर्मयाच्या शेतावर काही बोलले नाहीत. चौथ्या ओवीवर सासूबाई म्हणाल्या, "खुरपणीचे मागच्या आठवड्याचे राहिलेत ना?" राहिले होते. आज सकाळी मिस्टर देऊन आले.

जमिनीचं भाऊजींनी अजून सोडलेलं नाही. पुतण्याच्या फीला मात्र "भरा" म्हणाले. मग मला एक विचारलं, ते जसंच्या तसं लिहिते: "कामाला लागलो की मला तिचा विसर पडतो आणि प्रभूचाही. बाग लावली तर मी पूर्वीसारखाच होईन. मग वाट कोण पाहणार?" याचं उत्तर मला देता आलं नाही. मास्तर, तुम्ही सांगाल का?

निवृत्त मास्तर, नगर

ताई, हा प्रश्न विचारणारा माणूस झोपलेला नाही. त्यांना माझा सलाम सांगा.

विसर पडतो, हे त्यांचं खरं आहे. सगळ्यांचंच होतं. म्हणूनच वाट पाहणं एकट्याच्या डोक्यावर टाकलेलं नाही, प्रभूने ते आपल्याला नेमून दिलेल्या गोष्टींत घालून ठेवलंय. प्रभूची प्रार्थना घ्या. "तुझे राज्य येवो" आधी येतं, रोजची भाकर त्यानंतर. शेतावर निघण्यापूर्वी त्यांनी ती उभ्याने म्हणावी आणि राज्याच्या मागणीवर क्षणभर थांबावं. दिवसभर विसरले तरी हरकत नाही, सकाळी मागून झालेलं आहे. मार्काच्या चौथ्या अध्यायातला पेरणारा रात्री झोपतो, दिवसा उठतो, बी कसं वाढतं ते त्यालाही कळत नाही, तरी ते वाढतं. राज्य तसं आहे असं प्रभू म्हणतो. त्या माणसाने रात्रभर जागून बियाण्यावर पहारा दिला नाही.

दुसरं प्रभुभोजन. पौल करिंथकरांना सांगतो, ही भाकर खाता आणि हा प्याला पिता तेव्हा तुम्ही प्रभूच्या मरणाची घोषणा करता, तो येईपर्यंत. हे "तो येईपर्यंत" मोबाईलवर एकट्याने ऐकून होत नाही. त्याला मेज लागतं आणि शेजारी गुडघे टेकलेली माणसं लागतात, ती झोपाळू असली तरी. जाऊबाईही त्याच मेजाच्या आहेत, आपल्या विश्वासाप्रमाणे पलीकडच्या बाजूला.

भाऊजी मंडळीत यायचे बंद झाले तेव्हा कोणी त्यांच्या घरी गेलं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. गेलं नसेल तर पाळकसाहेबांना तुम्ही स्वतः फोन करा. दफनाला चारच माणसं होती, तर जाऊबाईंची स्मरणार्थ उपासना अजूनही ठेवता येते, एवढी वर्षं झाली म्हणून संकोच नको. थेस्सलनीकाकरांचा तो चौथा अध्याय वाचायला भाऊजींनाच सांगा. तारीख ठरली की इथे कळवा. नगरहून मी येईन, आणि केडगावच्या बहिणीला जमलं तर तीही येईल.